हिरव्या टाक्याचा शिपाई

४ नोव्हेंबर, सोमवार

ही वही तूच मला दिलीस, हे तुला आठवतं का? नसेलच. हातात छत्री धरून जी घरभर छत्री शोधते, तिला वही काय आठवणार. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. शिकायला जाताना तू म्हणालीस, "आजी, रोज थोडं बोलत जा, आई लिहून ठेवेल, मी आले की वाचेन." मग गेलीस ती गेलीस. आता मी बोलते आणि तुझी आई लिहिते. मला अक्षर येत नाही, त्यामुळे ती माझंच लिहिते की आपल्या मनचं घुसडते हे तूच ओळख. आत्ता ती हसली. तेही लिही म्हटलं.

घरात नवीन काय, तर सैन्य. तुझ्या बापाला मोठं काम मिळालंय. पटावर खेळायचा लढाईचा खेळ निघतोय, त्यातली एक अख्खी पलटण हाताने रंगवून द्यायची. शिपाई केवढा, तर माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. आणि सगळं खरं होतं तस्संच हवं. बटणं तशीच, पट्टा तसाच, बुटांवरचा चिखलसुद्धा लढाई झाली त्याच नदीकाठचा. कंपनीने फोटोंची ही थप्पी पाठवलीय. तुझ्या बापाने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण आता पाट्या छापून मिळतात. हे काम पसंत पडलं तर पुढच्या पलटणीही आपल्याकडेच येतील. नाही पडलं तर रंगाच्या बाटल्यांची झाकणं कायमची लागली समज.

शिपाई आधी बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोटं लागत नाहीत. मग काळं अस्तर, म्हणजे रंगाचा पहिला हात. त्यावर मातकट गणवेश. मग काळपट पातळ रंग सोडायचा, तो आपोआप कपड्याच्या चुण्यांत जाऊन बसतो. हे सगळं तुझा बाप करतो. डोळे मी काढते. मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगीची भुवई दिसते, आणि त्याला भिंग लावूनही समोरची बायको दिसत नाही. हे लिहिताना तुझ्या आईने मान डोलावली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डोळे काढायला मी कुठे शिकले ते तुला अनेकदा सांगितलंय, म्हणजे पुन्हा सांगायला हवं. लग्नाआधी मी बाहुल्यांच्या कारखान्यात होते. आम्ही पोरी ओळीने बाकावर बसायचो आणि आमच्यावर एक थोरली बाई होती, तिला आम्ही मागून सासू म्हणायचो. सासूचे दोन नियम. डोळे काढताना ओळखीचा चेहरा मनात आणायचा नाही. आणि डोळे झाले की बाहुली लगेच पालथी ठेवायची. का, तर ज्या खोलीत तिने डोळे उघडले ती खोली ती विसरत नाही, कुठेही विकली तरी परतायला बघते. आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. पण पालथी ठेवायचो.

मी त्या वेळी मनात कोबीचा गड्डा धरायची. माझ्या बाहुल्या खपायच्या चांगल्या, फक्त जरा थंड वाटायच्या.

तुझा बाप पालथं ठेवू देत नाही. वॉर्निशवर डाग उमटतो म्हणे. त्यामुळे सगळी पलटण फळीवर उभी, खोलीकडे तोंड करून. म्हटलं, असू दे, कोबीच तर आहेत.

आज दुपारी एकाचा उजवा डोळा झाला होता. डाव्यावर ब्रश टेकवणार, तेवढ्यात तुझा बाप म्हणाला, "आई, ही पलटण कुठली ते माहीत आहे?"

"मला काय माहीत. मातीतली."

"बाबांची आहे. ती नदीवरची."

"मग आधी नाही का सांगायचं, मेल्या."

"आधी सांगितलं असतं तर हात लावला असतास?"

तोवर ब्रश टेकला होता. कोबी निसटला होता.

तुझे आजोबा त्या नदीवरून परतले नाहीत. तुझा बाप तेव्हा माझ्या पोटात. पलटणीतले काही सापडले, काही नाही, आणि आपल्या घरी आलेल्या कागदावर बेपत्ता लिहिलं होतं. लोक बुडाले म्हणतात. मी तो शब्द कधी काढला नाही. मी म्हणते, उशीर झालाय. त्यांची ती खोडच होती. दूध आणायला जायचे आणि दूध फाटायच्या वेळेला यायचे. घरात त्यांचा फोटो नाही. तुझ्या बापाने बापाला पाहिलंच नाही, कागदावरसुद्धा नाही.

मी विचारलं, "खेळात यांचं काय होतं?"

"तिसऱ्या डावाला नदीचं पाणी चढतं. मग ही पलटण पटावरून उचलायची."

"आणि चांगलं खेळलं तर?"

"तरी उचलायची. तसंच घडलं होतं ना, आई."

म्हणजे घरोघरी, सुट्टी लागली की, पोरं यांना बुडवणार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या शिपायाच्या उजव्या कोपरावर हिरवी रेघ आहे. केसाएवढी. मी नाही काढली. तुझ्या आईला विचारलं तर म्हणते, "मला नखाला रंग सरळ लावता येत नाही, मी शिपायाच्या कोपराला काय लावणार."

तुझा बाप म्हणाला, ब्रश नीट धुतला नसेल. पुसून त्यावर मातकट रंग दिला.

मला आज जेवण गेलं नाही. तोंडाला चव नाही, बाकी काही नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. तुझ्या बापाच्या डोळ्यांसाठी बोलावल्या असाव्यात. आल्यासारखी माझीही छाती ऐकली, पाठ ठोकली, घोटे दाबून पाहिले. डोळे बघायला आलेल्या बाईला माझ्या घोट्यांशी काय करायचंय, पण शिकलेल्या माणसाला नाही म्हणू नये. मग जिन्यात तुझ्या आईबापाशी कितीतरी वेळ कुजबूज. तुझ्या बापाचे डोळे फारच बिघडलेले दिसतात. आत आला तेव्हा लाल होते.

माझी खाट आता कामाच्या खोलीच्या दाराशी आणलीय. मला एकटं वाटू नये म्हणून, असं ते म्हणतात. त्यांनाच एकटं वाटत असेल. पाठीशी दोन उशा दिल्यात, त्यामुळे मला फळी समोरच दिसते. सगळे खोलीकडे बघत उभे. तो मात्र फळीच्या या टोकाला आहे आणि त्याचं तोंड दाराकडे आहे. माझ्याकडे म्हणत नाही मी. दाराकडे.

"सूनबाई, झाडताना हलवलंस का याला?"

"फळीला हात लावायची मला बंदी आहे, तुम्हीच घातलीत."

ते खरं आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हिरवी रेघ परत आली. तुझ्या बापाने या वेळी पात्याने खरवडली, खाली अस्तर दिसेपर्यंत. मला म्हणाला, "आई, मस्करी पुरे." मी आयुष्यभर मस्करी केली, त्याचं फळ हे, की न केलेलीही माझ्याच नावावर.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी बाकाखाली भुईमुगाच्या शेंगांची टरफलं सापडली. ढीग नव्हे, चारदोन, कुणी उभ्याउभ्या सोलून टाकावीत तशी. माझे दात गेल्यापासून तुझी आई या घरात शेंगा आणत नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. तिला वाटतं मला हे कळत नाही. मी तुझ्या बापाला म्हटलं, चोरून खातोस ते खा, पण टरफलं तरी उचल. त्याने शपथ घेतली. चिडला, तेव्हा कान लाल झाले नाहीत. खोटं बोलला की होतात. म्हणजे तो नव्हे.

टरफलं ओली होती.

आता सांगतेच. तुझ्या आजोबांच्या खिशात कायम शेंगा. उंबऱ्यात उभे राहून सोलायचे, बोलायचे आणि टरफलं तिथेच टाकायची. मी ओरडायची, ते पायाने बाजूला सारायचे, झाली सफाई. शेवटच्या रजेवर आले तेव्हा गणवेशाचं उजवं कोपर फाटलेलं होतं. मातकट दोरा घरात नव्हता. मी माझ्या पोलक्याची शिवण उसवून हिरवा दोरा काढला आणि त्याने टाका घातला.

ते म्हणाले, "साहेब विचारेल ना, हे काय."

"सांगा, बायको आंधळी आहे."

"सांगतो. आणि हरवलो तर यावरून ओळखशील."

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बापालाही नाही. तुझी आई आत्ता लिहायची थांबलीय. विचारते, "मग आई, रेघ काढली कोणी?" मी म्हटलं, मला अक्षर येत नाही, मला काय विचारतेस.

मग वही ठेवून उठली ती. स्वयंपाकघरात गेली. नळ नुसता चालू ठेवला होता. परत आल्यावर हेही लिही म्हटलं.

(आई आता झोपल्या आहेत. मी त्यांच्या मागून हे लिहिते आहे. शेंगा मी आणलेल्या नाहीत. तुझी आई.)

२४ नोव्हेंबर, रविवार

मागच्या पानावर तुझ्या आईने आपलं काहीतरी लिहून ठेवलंय असं वाटतं, पानाच्या खाली शाई जास्त दिसते. असू दे. तिलाही जीव आहे.

दुपारी तुझ्या बापाने पट मांडला. पलटण पटावर उभी कशी दिसते ते पाहायचं होतं. तुझी आई शत्रू झाली. तिला जमतं. दोन डाव छान हसत झाले. तुझा बाप हरतो तेव्हा लहानपणासारखाच ओठ चावतो.

तिसऱ्या डावाला पाणी चढलं. तो एकेक शिपाई उचलून पेटीच्या झाकणात ठेवू लागला. मी दुसरीकडे बघणार होते, पण मानेला कंटाळा आला. त्याने हिरव्या टाक्यावाल्याला उचललं आणि एकदम खाली ठेवलं. बोटांकडे बघत बसला.

"काय झालं?" तुझी आई.

"ओला आहे."

"वॉर्निश असेल."

त्याने बोटं नाकाशी नेली. मग तिच्या नाकाशी. तुझ्या आईने फडक्याने पट पुसला, तिथे गोल ओला डाग राहिला होता, शिपायाच्या पायाएवढा. मी म्हटलं, "वॉर्निशला चिखलाचा वास येत असेल हल्ली." कुणी हसलं नाही. या घरात पूर्वी माझ्या विनोदांना मान होता.

खेळ तिथेच गुंडाळला.

मग मी तो मागून घेतला आणि सासूचा नियम पाळला. खाटेजवळच्या स्टुलावर पालथा ठेवला, वर वाटी झाकली. दुपारची डुलकी काढून उठले तर वाटी तशीच पालथी. तो वाटीच्या शेजारी उभा.

मी घाबरले का, असं तू विचारशील. नाही गं. मी एवढंच म्हटलं, "फार घाई करू नका."

२५ नोव्हेंबर, सोमवार

उद्या कंपनीतर्फे तपासायला माणूस येणार. आम्ही त्यांना बटणवाले म्हणतो, कारण मागच्या वेळी त्यांनी भिंग लावून एका शिपायाच्या बटणाची भोकं मोजली होती. आज तुझ्या बापाने हिरवी रेघ पुन्हा खरवडली आणि वर दोन हात रंग दिला. आता काही दिसत नाही. अगदी पेटीत जाण्यासारखा झालाय.

दिवसभर मी त्याच्याकडे बघत होते. पेटीत गेला की कुणाच्यातरी घरी जाणार, तिथे तिसऱ्या डावाला पाणी चढणार, मग परत पेटी, मग परत पाणी. एकदा झालं ते मला कुणी विचारून झालं नव्हतं. आता रोज होणार आणि डोळे मी दिलेत.

तुझा बाप दुकानात गेला होता. तुझ्या आईला म्हटलं, "गवताचा हिरवा रंग दे आणि जाडा ब्रश दे."

"जाडा कशाला?"

"बटणवाल्यांना भिंगाशिवाय दिसायला हवं."

तिने दिला. शिपाई बुचावर धरूनही तिनेच ठेवला, कारण माझा हात उशीवरून फार उचलत नाही. मी कोपरावर टाका घातला. जाड, वेडावाकडा, आंधळ्या बायकोने घालावा तसा. आधीच्या रेघा कोणी काढल्या मला ठाऊक नाही. ही मी काढली. तसं लिही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बटणवाले आले. सज्जन माणूस, माझ्या खाटेशी येऊन आधी तब्येत विचारली. मी म्हटलं, माझं ठीक, डोळे याचे बिघडलेत. ते तुझ्या बापाकडे बघायला लागले आणि तुझा बाप खिडकीकडे.

मग एकेक शिपाई तपासला. बुटांवरच्या चिखलाला मान डोलावली. पट्ट्यांना डोलावली. मग थांबले.

"हे काय?"

"टाका," मी म्हटलं.

"आजी, या पलटणीकडे हिरवा दोरा नव्हता. कोठारात दोनच दोरे होते, मातकट आणि काळा. मी सगळं तपासलंय."

"बरोबर आहे तुमचं. म्हातारीचा हात, घसरला."

तुझा बाप माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला डोळा मारला. पण तो हसला नाही. त्याने त्या कोपराकडे पाहिलं, मग तुझ्या आईकडे, आणि तिने हळूच मान हलवली. म्हणजे पोलक्याच्या दोऱ्याचं तिने त्याला सांगितलं होतं. बायकांच्या पोटात काही राहत नाही, मी सोडून.

बटणवाले म्हणाले, "बाकी पलटण उत्तम. पुढची तुमच्याकडेच पाठवतो. हा मात्र असा चालणार नाही, आणि रांगेत जागा रिकामीही ठेवता येत नाही. थिनरमध्ये बुडवून ठेवा, रंग सुटेल, मग पुन्हा रंगवा."

त्यांनी स्वतःच मदतीला म्हणून थिनरची वाडगी पुढे ओढली आणि शिपाई चिमटीत धरला. मी नको म्हणणार होते. हल्ली श्वास मधेच थांबतो, नेमका तेव्हाच थांबला.

तुझ्या बापाने त्यांच्या हातातून शिपाई काढून घेतला. "याला बुडवायचं नाही," म्हणाला. "दुसरा घेतो. नवा रंगवून देतो."

"अहो, पण एका शिपायासाठी..."

"नवा देतो."

माझा पोरगा पाहुण्यांशी असं कधी बोललेला नाही. बटणवाल्यांनी वाद घातला नाही. जाताना दारात थांबून म्हणाले, "एक विचारू? त्या एकाचेच डोळे बघतात असं वाटतं. बाकीचे नुसतेच..."

"कोबी," मी म्हटलं.

ते गेल्यावर तुझा बाप त्याला घेऊन माझ्या खाटेच्या कडेला बसला. भिंग लावलं. बराच वेळ तोंडाकडे बघत होता.

"असे होते?"

"नाक जरा मोठं होतं. डोळे तेच."

"माझ्यासारखे नाहीत."

"तुझे माझ्यावर गेलेत. म्हणून तर बिघडले."

तेव्हा हसला. मग भिंग काढून पुसत बसला.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

पेटी गेली. त्या जागेवर दुसरा शिपाई रंगवला, डोळे मीच काढले, तुझ्या आईने मनगट धरलं म्हणून निघाले. मन लावून कोबी आठवला. तरी पेटी बंद करताना त्या नव्याची दया आली. कुणीतरी रांगेतून निघाला की कुणीतरी तिथे उभा राहतोच. त्याच्याही घरी कुणी दोरा शोधला असेल.

तू परीक्षा सोडून येतेस म्हणे. तुझी आई जिन्यात फोनवर बोलत होती, मला वाटतं तिला वाटतं जिना म्हणजे परदेश. बापाच्या डोळ्यांसाठी इतकी धावपळ कशाला? पण ये. वही वाचायची राहिलीय तुझी.

१ डिसेंबर, रविवार

आज थोडंच बोलते. तुझी आई कान तोंडाशी आणून लिहितेय, तिचे केस माझ्या नाकात जातात.

शिपाई स्टुलावर आहे. पालथा ठेवत नाही आता. दाराकडे बघायचं त्याने सोडलं. माझ्याकडे बघतो.

जिन्यावरून सकाळी ओल्या बुटांच्या खुणा येतात. तुझी आई पुसते आणि मला सांगत नाही, पण ओल्या फरशीचा वास मला येतो, आणि चिखलाचाही. खुणा माझ्या खाटेपर्यंत येत नाहीत. उंबऱ्यापाशी थांबतात, तिथे चारदोन टरफलं पडलेली असतात. आत का येत नाहीत याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग आठवलं. मीच सांगून ठेवलं होतं, चिखलाचे बूट घेऊन आत आलात तर बघा. एवढ्या वर्षांनीही लक्षात ठेवलंय. तुझ्यासारखे नाहीत ते.

आज दुपारी मी दाराकडे बघून सांगितलं, "या बुटांसकट. फरशी सूनबाई पुसेल."

तुझी आई रडतेय. म्हटलं, एवढी का फरशी जड आहे तुला.

तू निघाली असशील तर नीट ये. उशीर होणार असेल तर होऊ दे, घराण्याचीच खोड आहे, मला तिची सवय आहे. फक्त आधी कुणाबरोबर तरी भुईमुगाच्या शेंगा पाठव. भाजलेल्या, टरफलासकट. सोललेले दाणे अजिबात पाठवू नकोस, त्यांना सोलत बोलायची सवय आहे आणि बोलायचं पुष्कळ राहिलंय. मला दात नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी भरपूर पाठव.